आठ महिन्यांनंतर: रॅमची जोडी आणि एकच चुकार बिट

८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२०० (पिढी आणि वेग), सीएल१६ (प्रतिसादाचा उशीर), एक्सएमपीला, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगला, १.३५ व्होल्ट. सहा महिने या जोडीला पाचपैकी पाच तारे होते. सातव्या महिन्यात विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन यायला लागली.

रॅम बिघडली की चूक दर वेळी नवं नाव घेऊन येते. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा नुसताच ब्राउझर बंद पडतो. एकाच ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर आधी तो ड्रायव्हर बदलून बघा. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलीतला डेटा जुळत नसल्याची चूक) आली आणि तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उघडली, तर मात्र संशय रॅमवरच घ्या.

विंडोजच्या तपासणीत ही जोडी निर्दोष ठरली. त्यावर विसंबू नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवल्यावर पहिली फेरी स्वच्छ गेली, दुसरीत चार चुका आल्या, चारही एकाच पत्त्यावर (रॅममधल्या एकाच जागी), एकाच बिटच्या. पहिल्या फेरीत काही न दिसण्यालाही कारण आहे. डीरॅमचा, म्हणजे या रॅमच्या चिपचा, प्रत्येक सेल एक बिट चार्जच्या रूपात साठवणारा गळका कपॅसिटर, म्हणून साधारण दर ६४ मिलीसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. स्टिक तापली की गळती वाढते आणि कमकुवत सेल तेवढ्या वेळातच रिकामा होतो. म्हणून किमान चार फेऱ्या, रात्रभर.

दोन्ही स्टिक लावून चाचणी केली तर पत्त्यावरून दोषी कोण ते कळत नाही, कारण ड्युअल चॅनलमध्ये डेटा दोघींवर आलटून पालटून जातो. एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये, शक्यतो प्रोसेसरपासून दुसऱ्या, लावून तपासा. आधी भिंतीवरचा स्विच बंद करा, मग पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत स्टिक दाबा. चूक स्टिकबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली तर स्टिक खराब. स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना बघा.

इथे मत एकदा बदललं. एक्सएमपी बंद करून २१३३ या कमी वेगावर, १.२ व्होल्टला, चार फेऱ्या स्वच्छ गेल्या. एक्सएमपी म्हणजे शेवटी ओव्हरक्लॉकिंगच, तेव्हा दोष वेगाचा मानून एक तारा परतही दिला होता. तिसऱ्या आठवड्यात २१३३ वरच, त्याच स्टिकच्या त्याच पत्त्यावर तोच बिट पुन्हा चुकला. वेग झेपत नसेल तर चुका सहसा विखुरलेल्या येतात, ठरलेली जागा सोडत नसतील तर सेल गेला. तारा परत काढून घेतला.

खरा राग निळ्या स्क्रीनचा नाही. ही स्टिक पूर्ण मेली असती तर संगणक बहुधा सुरूच झाला नसता आणि पाच मिनिटांत कळलं असतं. एक बिट गेलेली स्टिक मात्र कॉपी होणाऱ्या फोटोत, बॅकअपमध्ये गुपचूप चुकीचा बिट लिहून ठेवते, आणि ईसीसी (रॅममधली चूक पकडणारी सोय) नसल्यामुळे कुणीही ओरडत नाही. संशय आल्या क्षणापासून बॅकअप थांबवा, जुन्या बॅकअपवर नवा लिहू नका. संशयाच्या काळात कॉपी केलेल्या फाइलींचे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा), नवी रॅम लावल्यावर, मूळ फाइलींशी ताडून पाहा.

वॉरंटीत कंपनी दोन्ही स्टिक मागते, म्हणजे चांगलीही पाठवायची आणि तोवर संगणक बंद ठेवायचा. जोडी एकत्र तपासून विकलेली असते हे मान्य, तरी हा जाच आहे. पाठवण्याआधी मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि सीरियल नंबरचं लेबल अजिबात सोलू नका.

बदलून आलेल्या जोडीत विंडोज सुरू करण्याआधी एक्सएमपीवर आठ फेऱ्या घेतल्या, शून्य चुका. सध्या तीन तारे.