मोरेस्मो की बार्तोली?

दोघी फ्रेंच, दोघी विम्बल्डन विजेत्या. पण आमेली मोरेस्मोची कारकीर्द मला मोठी वाटते. 2004 मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली आणि 2006 मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन व विम्बल्डन दोन्ही जिंकलं. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 गमावूनही तिने बेल्जियमच्या जस्टिन एनँला हरवलं. दडपणाखाली कोसळते म्हणणाऱ्यांना हेच उत्तर! घरच्या रोलाँ गारोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, मात्र ती उपांत्यपूर्व फेरीपुढे कधीच गेली नाही.

मारिओन बार्तोली क्रमवारीत सातव्या स्थानापर्यंतच पोहोचली. फोरहँडही दोन हातांनी मारणाऱ्या या जिद्दी मुलीने 2013 चं विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकलं आणि पुढच्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केली. त्या विम्बल्डनला तिच्या पाठीशी मोरेस्मोच होती.