ऑपरेशनची तारीख: पाळीनंतरचा पंधरवडा की त्यापुढचा?

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, पाळी अजून चालू आहे आणि सर्जननी दोन तारखा दिल्या: एक पाळी संपल्या-संपल्याची, दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी. कुठली घ्यावी?

पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढत जातं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं जवळपास नसतंच. बीजांड सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, अंगातली उष्णता अर्ध्या अंशापर्यंत चढते आणि प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते, गर्भ राहिलाच तर तो परका ठरू नये म्हणून. त्यात ऑपरेशनचा ताण असा, की भटक्या कॅन्सरपेशी टिपणाऱ्या नॅचरल किलर पेशी काही दिवस मंदावतात. या हिशोबाने दुसरा पंधरवडा वाईट ठरायला हवा.

आकडे उलटे आले. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या 249 बायकांच्या जुन्या नोंदी कॅन्सर सर्जन राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये तपासल्या. पाळी सुरू झाल्यापासून 3 ते 12 व्या दिवसांत ऑपरेशन झालेल्यांपैकी दहा वर्षांनी 54 टक्के हयात होत्या, बाकीच्यांत 84 टक्के. फरक डोळे विस्फारायला लावणारा, पण नोंदी मागे वळून पाहिलेल्या. पुढे अमेरिकेत 834 बायकांच्या पाळीची तारीख आधीच टिपून, मग वाट पाहिली गेली. 2009 मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. माझ्या लेखी या दुसऱ्या पुराव्याचं पारडं जड.

बडवे यांनी मात्र धागा सोडला नाही: दुसऱ्या पंधरवड्यातलं प्रोजेस्टेरॉनच तारतं का, हे त्यांना बघायचं होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हजारेक बायकांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. सरसकट फायदा दिसला नाही. काखेतल्या लसिका गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांना झाला असावा, असं 2011 च्या आकड्यांवरून वाटतं.

म्हणून जी तारीख लवकरची, ती घ्या. पाळीसाठी कॅन्सरचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर हा चढउतार सहसा नसतो, पण गोळ्यांचं नाव भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

पंधरवडा खरा महत्त्वाचा आहे तो दुसरीकडे. स्तनाचा एमआरआय पाळी सुरू झाल्यापासून 7 ते 14 व्या दिवसात केलेला बरा, कारण नंतर निरोगी भागही उजळून दिसतो आणि नसती शंका येते. गर्भाशयात दुर्बीण घालून बघायचं असेल तर पाळी संपल्यावर लगेच, अस्तर पातळ असताना. आणि ऑपरेशनआधी प्रेग्नन्सी टेस्ट मागितली, तर भुवया उंचावू नका.