दसऱ्याला घेतलेला 43 इंची टीव्ही आणि त्याच्या मागचा डिशचा सॉकेट

बोर्ड बदलून टीव्ही परत भिंतीवर लागला. चॅनल शोधायला गेलो तर यादीत अँटेना आहे, केबल आहे, 'सॅटेलाइट' नाही. टीव्ही उतरवून मागं बघितलं. कव्हरला भोक तसंच, पण आत डिशची वायर पिळून बसवायचा सॉकेटच नाही. सर्व्हिसवाल्यानं त्याच मॉडेलचा, पण सॅटेलाइट ट्यूनर, म्हणजे डिशचे चॅनल पकडणारा भाग, नसलेला बोर्ड टाकून दिला होता. ज्या गोष्टीसाठी मी हा टीव्ही निवडला, नेमकी तीच गेली. हा अनुभव त्यामुळंच लिहायला बसलोय.

टीव्ही नेहमीचाच आहे, 43 इंच, 4के, 2 जीबी रॅम, 8 जीबी स्टोरेज. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून घरच्यांना दसऱ्यापर्यंत थोपवून धरलं. करापूर्वीची किंमत 20,000 धरली तर 25,600 चा माल 23,600 ला पडतो. आम्हा गंगाखेडकरांना 2,000 रुपये काही थोडे नाहीत, स्टॅबिलायझर त्यातच निघाला. परभणीच्या दुकानात दोन मॉडेलांमध्ये घोळत होतो. एकाच्या खोक्यावर बारीक अक्षरात 'डीव्हीबी-एस2' दिसलं आणि तिथंच ठरलं. दुकानदाराला त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्याचा सगळा जोर रिमोटवरच्या ॲपच्या बटणांवर.

अर्थ असा, की सेट-टॉप बॉक्सचं काम टीव्हीच करतो. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या फुकट डिश सेवेचं प्रक्षेपण 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतं. आपल्या भागात डिशचं तोंड आग्नेयेला. छतावरची जुनी वायर काढून थेट टीव्हीला जोडायची. टीव्ही त्याच वायरीतून एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर लहरी पकडणाऱ्या डबीला, 13 किंवा 18 व्होल्ट देतो, म्हणून सेटिंगमध्ये 'एलएनबी पॉवर' चालू ठेवायची, साध्या युनिव्हर्सल एलएनबीसाठी 9750/10600 ही फ्रिक्वेन्सी निवडायची आणि चॅनलचा शोध सुरू करायचा. मेकॅनिक बोलवावा लागला नाही. बॉक्स गेला, त्याचा ॲडॅप्टर गेला, दुसरा रिमोट गेला.

आमचे आबा फ्री डिशचे जुने प्रेक्षक. 2004 च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं ती सुरू झाली, तेव्हापासून एकदा डिश घ्यायची आणि महिन्याला काही भरायचं नाही हा हिशोब त्यांना पटलेला. सह्याद्रीच्या बातम्या, शेतीचा कार्यक्रम, मधूनच आकाशवाणी. दोन रिमोटमध्ये त्यांचा नेहमी गोंधळ व्हायचा. आता एकाच रिमोटवर आकडा दाबला की चॅनल लागतं. हा रिमोट आकड्यांचा आहे, हेही बघूनच घ्या. नव्या बऱ्याच रिमोटांवर आकडेच नसतात आणि म्हातारी माणसं बाणांची बटणं दाबत बसतात.

क्रिकेटचा फायदा तर मी धरलाच नव्हता. 2007 च्या कायद्यामुळं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं, त्यामुळं भारताचे बरेच सामने डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतात. शिवाय ॲपवरचं प्रक्षेपण मागं असतं. शेजारच्या पोरांच्या मोबाइलवर बॉलर अजून धावतच असतो, आमच्याकडं विकेट पडलेली असते.

उणीवही सांगतो. पैसे भरून बघायच्या डीटीएच वाहिन्या या सॉकेटवर येत नाहीत. खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं ठरतात, आज दिसणारी वाहिनी पुढं असेलच असं नाही. मोठा पाऊस आला की चित्र फुटतं, कारण या लहरींना पाऊस अडवतो. पण लाइट गेली, टॉवरची बॅटरी बसली, मोबाइलचं नेट मेलं, तरी इन्व्हर्टरवर सह्याद्री चालू राहते. फायबरवाल्यांनी अशा वेळी राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. मी लावलाय, उत्तम चालतो. डिशला तेवढंही लागत नाही.

आता 'स्मार्ट' भागाबद्दल. दिवाळीत मी सगळ्या पाहुण्यांना सांगत होतो की याला ॲप चालवायला मागं खोचायची वेगळी स्टिक लागत नाही, सगळं आतच आहे. संक्रांतीपर्यंत माझं मत पार बदललं. 8 जीबीतला मोठा वाटा टीव्हीची स्वतःची प्रणालीच खाते. चार ॲप टाकले, त्यांचे अपडेट आले की 'जागा शिल्लक नाही'. एक काढा, दुसरं टाका, कॅशे पुसा. होम स्क्रीन उघडायला इतका वेळ की पोरगी तोवर मोबाइलवर अर्धा व्हिडिओ बघून मोकळी. शेवटी स्टिक घेतलीच. तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. त्या पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो आणि स्टिकला एक लागतो, मग ती मधूनच बंद पडते. तिच्यासोबतचा ॲडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावल्यापासून तक्रार नाही.

म्हणून आता माझं मत असं, की टीव्ही घेताना पडदा बघा, मागचे सॉकेट बघा, रॅम-स्टोरेजच्या आकड्यांवर जास्त पैसे घालू नका. स्टिक जुनी झाली की बदलता येते. ट्यूनर नंतर आत बसवता येत नाही.

होळीच्या सुमारास टीव्ही लोगोवर अडकला. बंद करा, चालू करा, पुन्हा लोगोच. वॉरंटीत होता. आलेला पोरगा चांगला होता. त्यानं तपासून सांगितलं, "काका, बोर्ड गेलाय." बोर्ड यायला बरेच दिवस लागले आणि आला तो हा असा. आबा रिमोट घेऊन बसलेले, "सह्याद्री कामून लागंना?" त्यांना काय सांगणार?

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "सर, ते आता कुणी वापरत नाही. टीव्ही तर चालू झाला ना?" याच वाक्याचा मला राग आला. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात गच्चीवर उभं राहून डिश मोजा म्हणावं. आणि कुणी वापरो न वापरो, मी पैसे ट्यूनर असलेल्या टीव्हीचे दिलेत. दुरुस्तीत वस्तूतला भाग कमी करून द्यायचा अधिकार यांना कुणी दिला? मग त्यांनी नवा सेट-टॉप बॉक्स "कंपनीतर्फे" देऊ केला. मी नाही म्हणालो. पुन्हा दोन रिमोट, पुन्हा ॲडॅप्टर, आणि माझ्या टीव्हीत कमीपणा तो कमीपणाच.

खोक्यावरच्या 'डीव्हीबी-एस2'चा फोटो, बिल, नव्या बोर्डाच्या रिकाम्या जागेचा फोटो असं सगळं जोडून ईमेल केला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत हेही लिहिलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, म्हणजे मला परभणीच्या पुढं जायची गरज नाही. त्यानंतर फोनवरची भाषा बदलली. ट्यूनरसकट बोर्ड आला, तोच पोरगा बसवून गेला. चॅनल लागेपर्यंत मी जॉबशीटवर सही केली नाही, आणि त्यावर 'सॅटेलाइट ट्यूनरसह' असं लिहून घेतलं. खोकं टाकून दिलं असतं तर पुरावा कुठून आणला असता? तुमच्या टीव्हीचं खोकं माळ्यावर टाकून ठेवा, निदान त्याच्या लेबलाचा फोटो तरी काढा.

वाढीव वॉरंटीचे फोन आत्तापासूनच येऊ लागलेत. मी घेणार नाही, ते पैसे पुढच्या स्टिकला ठेवलेत.

डिश थेट टीव्हीला जोडणाऱ्यांनी मात्र विजेचं बघा. अवकाळीत किंवा मृगाच्या तोंडावर गडगडू लागलं की टीव्हीचा प्लग काढायचा आणि डिशची वायरही पिळून सोडवायची. पूर्वी झटका बॉक्सवर जायचा, आता तो सरळ बोर्डावर जाईल. स्टॅबिलायझर मुख्य लाइनपुरता आहे, छतावरून येणाऱ्या वायरीला त्याचा काही उपयोग नाही. डिशच्या खांबाला अर्थिंग मी पावसाळ्याआधी करून घेणार आहे.