क्रिकेट की मल्लखांब?

जोडीदार गेल्यावर पुन्हा प्रेमात पडणाऱ्या खेळाडूची कादंबरी बडोद्यात घडवायची, तर खेळ कोणता घ्यावा?

क्रिकेटचा मोह मोठा. 1947च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे (288) आणि गुल महंमद (319) यांनी बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटला 577 धावांची भागीदारी केली. सोबतीची गोष्ट सांगायला याहून चांगला इतिहास कुठला? पण क्रिकेटच्या कथेत शेवटचा षटकार सगळं गिळतो. सामना जिंकला की दुःखही संपलं, असं लेखक परस्पर ठरवून टाकतो.

माझं मत मल्लखांबाला. खांबाला एरंडेल चोळायचं, चढायचं, घसरायचं, परत चढायचं. खंड पडला असेल तर कातडी सोलवटते, जुनी पकड आठवते पण हात ऐकत नाहीत. हे सावरणं वाचकाला अंगावर जाणवतं. शिवाय खाली झेलायला कुणीतरी उभं असतं. प्रेम तिथूनच सुरू होऊ द्यावं, तेही सावकाश. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत बातमी त्याआधीच पोचेल, आणि सासूबाईंचं प्रकरण आपोआप लिहून होईल!

क्रिकेटच हवं असेल, तर नायकाला बराच वेळ नॉन-स्ट्रायकर ठेवा.