टाकी घरी रंगवायची की पेंटरकडे द्यायची?

बाइकची टाकी घरी रंगवायची म्हटलं की स्प्रेचा डबा आठवतो, पण खरा वेळ जातो घासण्यात. गंज काढायचा, खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरायची, 320 चा सँडपेपर, प्रायमर, मग 600 चा पाण्याचा पेपर. हे काम चाळीच्या गॅलरीतही नीट जमतं, आणि मला ते मनापासून आवडतं. टाकी मात्र आधी उतरवून पूर्ण रिकामी करा. पेट्रोलची वाफ पेट घेते, म्हणून जवळपास गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको.

घरचं काम फसतं ते शेवटच्या थरात. साध्या डब्यातला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होतो, झाकणाभोवती रंग सुरकुततो. पेंटर हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर मारतो, तो पेट्रोलला टिकतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते फुप्फुसांना घातक, साध्या कापडी मास्कने अडत नाही. दाटीवाटीच्या इमारतीत, शेजारी लहान मुलं असताना ते मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय मुंबईचा पावसाळा! दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. बंद बूथ असलेल्या पेंटरला ही अडचण कमी.

म्हणून मी घासणं, लांबी आणि प्रायमर घरी करतो. रंग आणि क्लिअर पेंटरकडे. देताना टू-के क्लिअर मारणार का, हे आधी विचारा. आणि गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद करून घ्या, टाकी घरी रंगवा की पेंटरकडे द्या.