मार्केट यार्डातले चाऱ्याचे बियाणे: कोणती पिशवी घ्यावी, कोणती ठेवून द्यावी

मे अखेरीस पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चाऱ्याच्या बियाण्याला गिऱ्हाईक वाढते. शिरूर, पुरंदर, बारामतीकडची मंडळी येतात, कंपनी बघतात, भाव करतात आणि पिशवी उचलतात. आमच्या मते कंपनीपेक्षा महत्त्वाचे काय, तर पीक फुलावर असताना हवा कशी होती. पिशवीच्या चिठ्ठीवर तपासणीची तारीख आणि मुदत असते, कापणीचा महिना मात्र तोंडी विचारावा लागतो. विचारल्यावर दुकानदार जरा चमकतो, चालायचेच.

सर्वात जास्त फसगत अंजन गवतात. अंजन आणि गिनी या दोन्ही गवतांत गर्भ बहुतांशी फलनाशिवायच तयार होतो. त्यामुळे ‘यांना पराग लागतच नाही, उन्हाने काय बिघडणार?’ असे यार्डात सर्रास ऐकू येते. हे अर्धेच खरे आहे. गर्भ आपला आपण होतो, पण त्याला पोसणारा पिठूळ गर तयार व्हायला परागाचा संयोग लागतोच. फुलोऱ्यात पारा चाळिशीकडे गेला आणि जमिनीत ओल नसली की पराग निकामी होतात. कणीस बाहेरून भरगच्च दिसते आणि आत दाणा नसतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात पाण्यावर काढलेले अंजनाचे बी आम्ही घेऊ नका म्हणतो. पावसाळ्याच्या शेवटी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढलेले घ्यावे.

वजनावरून काही कळत नाही, कारण पिशवीत कुसेच जास्त असतात. पिशवीच्या तळातून चिमूटभर बी घ्या आणि काळ्या कागदावर कुसांचा एकेक झुबका नखाने सोला. भरलेला असला तर सुमारे २ मिमीचा तपकिरी दाणा नखाखाली टणक लागतो. रिकामा झुबका नुसता चपटा होतो. असे १०० झुबके सोलायला अर्धा तास जातो, पण निम्म्याहून जास्त फोल निघाले तर ती पिशवी परत ठेवायला कारण मिळते. हेक्टरी ५-६ किलो हे प्रमाण भरलेल्या बियाण्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट: नुकतेच काढलेले अंजनाचे बी सुप्त असते, काही महिने साठवल्यावरच नीट उगवते. तेव्हा ‘अगदी ताजा माल’ ही इथे जाहिरात नव्हे, अडचण आहे. गेल्या हंगामाचे, कोरड्या जागी ठेवलेले बी उजवे. पेरताना चाळलेली ओलसर माती मिसळा, नाहीतर ते वाऱ्यावर जाते. १ सेंमीपेक्षा खोल गेले तर नीट वर येत नाही.

गिनीच्या बियाण्याला आम्ही कमीच गुण देतो. एकाच तुऱ्यात वरचे दाणे गळत असतात आणि खालचे अजून फुलावर असतात. त्यात ऊन लागले की फोल वाढतात. पाणी असेल तर सरळ ठोंब लावा. बाजरी-नेपिअर संकराचे ‘बी’ कोणी विकत असेल तर पुढे चला. तो संकर वांझ असतो, त्याचा ‘फुले जयवंत’ हा वाण कांड्यांवरच लावतात.

स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याची पिशवी मात्र कोरड्या सालातलीही चालते. शेंग सुकताना हवा जितकी कोरडी, तितके कवच टणक होऊन पाणी आत शिरत नाही. गायरानाला हे उपयोगीच, बी दोन-तीन वर्षे थोडेथोडे उगवत राहते. यंदाच चारा हवा असेल तर आधी ३० बिया रात्रभर भिजवा. बहुतेक फुगल्या तर काही करू नका. तशाच राहिल्या तर ८० अंशांच्या पाण्यात ४ मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाका. उकळते पाणी ओतणारे खूप आहेत, त्यात मऊ कवचाच्या बिया मरतात. थर्मामीटर वापरा. दशरथ घासालाही हाच उपचार.

आफ्रिकन टॉल मक्याच्या पिशवीत मोठे गोल दाणे जास्त दिसले तर बिचकू नका. पाण्याचा ताण पडला की स्त्रीकेसर उशिरा येतात, तोवर पराग सरलेले असतात आणि कणसात जागा रिकाम्या राहतात. शेजारी दाबणारा दाणा नसला की दाणा गोल होतो. उगवणीत त्याने दोष येत नाही.

चवळीला दिवसापेक्षा रात्र बाधते. उमलण्याच्या आठ-नऊ दिवस आधी कळीत पराग घडत असताना रात्री उकाड्याच्या गेल्या तर परागकोश फुटतच नाहीत. वेल हिरवागार दिसतो आणि फुले गळतात. पुण्यात मेमध्ये पारा रात्रीही २० च्या खाली क्वचितच उतरतो, म्हणून उन्हाळी चवळीचे बी सुरकुतलेले दिसले तर दुसरी पिशवी मागा. मोठी खरेदी असेल तर नमुना शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत द्या, पण मेमध्ये नव्हे, एप्रिलमध्येच. निकाल पेरणीपूर्वी हातात यायला हवा.