फ्री मेमरी चेकअपच्या नावाखाली सासऱ्यांना गंडवलं, नवी मुंबईकरांनो सावध

सोसायटीत सिनियर सिटिझन्ससाठी "फ्री मेमरी चेकअप"चा बोर्ड लागला असेल तर आधी हे वाचा. आमच्या नेरूळच्या सोसायटीत क्लबहाऊसमध्ये पांढरे कोट घातलेली दोन पोरं बसली होती, लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेली एक दांडी, ती हातात धरायची की मिनिटभरात रिपोर्ट. बाबांच्या (म्हणजे सासऱ्यांच्या) रिपोर्टवर शिसं, पारा, कॅडमियम सगळं लालेलाल. त्याआधी गप्पा मारता मारता पोरांनी काढून घेतलंच होतं की बाबा टीटीसी एमआयडीसीत बॅटरीच्या कारखान्यात होते, मग काय, "काका, मेंदूत शिसं साचलंय, आत्ता काढलं नाही तर अल्झायमर पक्का". हल्ली बाबा नावं विसरतात, ते जाम टरकले आणि १८ हजारांचं डिटॉक्स पॅकेज घेऊन मोकळे झाले.

डोकं लावलंय हां पोरांनी, कारण अर्धी गोष्ट खरीच आहे. शिसं मेंदूला वाईटच, आणि ते हाडांत कित्येक वर्षं राहतं, म्हातारपणी हाडं झिजायला लागली की त्यातलं थोडं परत रक्तात उतरतं. पण ते मोजायला शिरेतून रक्त काढावं लागतं, दांडी धरून कसं कळणार? मी पोराला म्हटलं, परत टेस्ट कर, फक्त वय ७४ च्या जागी ३० टाक. माणूस तोच, हात तोच, आणि शिसं नॉर्मल!

डिटॉक्स म्हणजे काय, तर मिठाच्या कोमट पाण्यात पाय, त्यात मशीन सोडायचं, पाणी तांबूस झालं की "बघा काका विष निघालं". पाय न घालता चालवून दाखव म्हटलं तर आधी टाळाटाळ, मग चालवलं, पाणी तस्संच तांबूस. मशीनच्या धातूच्या पट्ट्या करंटने गंजतात, तो गंज असतो तो.

पुढची पायरी होती इडीटीएचं (शरीरातले धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) सलाईन, इथे मात्र मी हात जोडले. शिशाची खरोखर विषबाधा झाली तर डॉक्टर देतात ते, पण हॉस्पिटलमध्ये, रक्त तपासत. त्यातला चुकीचा प्रकार दिला गेल्याने कॅल्शियम एकदम घसरून अमेरिकेत पेशंट दगावलेत, आणि हे लोक घरी येऊन लावणार होते!! एक कॅप्सूल देऊन मग लघवी तपासायची असंही त्यांच्याकडे होतं, ती कॅप्सूलच धातू लघवीत ओढून आणते, मग आकडा वाढलेला दिसणारच ना.

न्यूरोलॉजिस्टकडे नेलं तर त्यांनी रक्तातलं शिसं, थायरॉइड, बी१२ सगळं करायला सांगितलं. शिशाचं काही नाही निघालं, बी१२ मात्र तळाला, इंजेक्शनं चालू आहेत.

पैसे मागितले तर बिल दाखवतात, त्यावर कुठेच टेस्ट नाही की उपचार नाही, नुसतं "वेलनेस सर्व्हिस, नॉन रिफंडेबल". कुणी घेतलंच असेल पॅकेज तर बिल आणि तो लाल रिपोर्ट दोन्ही जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) मी तक्रार टाकलीय, तिथे दोन्ही कामाला येतात.